मचाणावरील स्वस्थतेची मीमांसा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून बांधलेल्या इटियाडोह धरणाची ओळख वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या कारणाने आहे. धान पिकवणाऱ्यांना ते गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील बांध्यांना कालव्याने पाणी देणारे धरण म्हणून ठाऊक आहे, खवय्यांना ते झिंग्यांमुळे ठाऊक आहे, आणि वन्यप्राण्यांच्या गणनेचा गांभीर्याने विचार करणारे जे थोडे लोक आहेत, त्यांना ते एक अडचण म्हणून ठाऊक असावयास हरकत नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसून जनावरे मोजण्याची जी पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे, तिचा सारा डोलारा पाणी कमी असण्यावर उभा आहे. जंगलात पाण्याच्या मोजक्याच जागा उरल्या म्हणजे प्रत्येक जनावराला दिवसरात्रीतून एकदा तरी त्यांपैकी कोठेतरी हजेरी लावावी लागते आणि तेथे बसलेल्या माणसाला ते दिसते, असे त्यामागील गृहीतक आहे. इटियाडोहासारख्या जलाशयाने चहूकडे पसरलेला काठ जनावरांना मोकळा करून दिल्यावर सांबराने नेमके मचाणासमोरच येऊन पाणी प्यावे, या अपेक्षेला शास्त्राचा आधार राहत नाही, केवळ सांबराच्या सौजन्याचा राहतो. त्यात हा सारा मुलूख तलावांचा. जुन्या मालगुजारांच्या काळातील शेकडो तलाव, ज्यांना सरकारी कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ आणि त्याचे संक्षिप्त रूप म्हणून ‘मामा’ तलाव म्हणतात, गावोगाव पडलेले आहेत आणि त्यांच्या जोडीला शेतांतल्या बोड्या आहेत. तहानलेल्या जनावराला इतके मामा असताना ते कोणाकडे जाईल हे आधी सांगणे कठीण असते.

तरीही दर वर्षी वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, या परिसरातील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मचाणे सज्ज होतात आणि त्यांवर रात्रभर जागण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून माणसे येतात. त्यांना स्वयंसेवक म्हणतात. वेतन न घेता काम करणारा तो स्वयंसेवक, हा या संज्ञेचा प्रचलित अर्थ असला, तरी मचाणावरच्या स्वयंसेवकाच्या बाबतीत त्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली अशी की, तो वेतन घेत नाही एवढेच नव्हे, तर अलीकडे बहुतेक ठिकाणी त्यासाठी शुल्कही भरतो. आणि दुसरी, जी अधिक मूलगामी आहे, ती अशी की तो काम करत नाही. हा त्याच्यावरील आरोप नव्हे, कारण त्याच्याकडून नेमकी तीच अपेक्षा असते. बोलू नये, हलू नये, शक्यतो खोकू नये, अत्तर लावू नये, भडक कपडे घालू नयेत, बॅटरी मारू नये, मोबाइल वाजू देऊ नये आणि उजाडेपर्यंत मचाणावरून उतरू नये, अशा ज्या सूचना त्याला दिल्या जातात त्या बहुतेक सर्व नकारार्थी असतात. होकारार्थी सूचना एकच, ती म्हणजे दिसेल ते कागदावर लिहावे, आणि दिसणे न दिसणे त्याच्या हाती नसल्यामुळे तेवढेही काम अनेकदा टळते. प्राण्यांसाठी काहीतरी करावे या उत्कट इच्छेने घराबाहेर पडलेल्या माणसाने प्राण्यांसाठी करण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काहीही न करणे होय, आणि शिकल्यासवरलेल्या शहरी माणसाला जगातील सर्व कामांपैकी हेच एक जमत नाही.

या अवघडलेपणाचा एक भाग परिभाषेतून येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान असे दोन निरनिराळे दर्जे सांगितले आहेत. ढोबळमानाने, अभयारण्यात परवानगीने गुरे चारण्यासारखे काही व्यवहार चालू राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात ते चालत नाहीत. व्याघ्र प्रकल्प म्हणजे वाघाला मध्यवर्ती धरून अशी अनेक क्षेत्रे एका व्यवस्थापनाखाली आणणारी रचना होय. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ही दोन्ही, त्यांच्या आसपासच्या नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव या अभयारण्यांसह, महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्र प्रकल्प म्हणून एकत्र करण्यात आली. म्हणजे रात्री चरावयास निघालेले एखादे सांबर उजाडेपर्यंत राष्ट्रीय उद्यानातून अभयारण्यात आणि तेथून प्रकल्पाच्या हद्दीबाहेर जाऊन परत येऊ शकते. दर्जाच्या बदलाप्रमाणे त्याच्या वागणुकीत फरक पडल्याची नोंद मात्र आढळत नाही.

शहरातून येणाऱ्या स्वयंसेवकाच्या मनात ‘अभयारण्य’ या शब्दाने जे चित्र उभे राहते ते यांपैकी कशाचेच नसते, तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाचे असते. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये तेथे सुरू झाला आणि पुढे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेल्या माकडाच्या पिलापासून आरंभ करून अनाथ प्राण्यांचे जे घर उभे केले, तेथे सेवेला प्रत्यक्ष वाव असतो. पिलांना दूध पाजावे लागते, पिंजरे धुवावे लागतात, आणि बिबट्याने अंग घासले तर छायाचित्रही चांगले येते. मचाणावर यांतले काही नाही. येथील बिबट्याला आपली कोणी सेवा करीत आहे हे समजले, तर ती सेवा फसली असे मानतात.

मोजणीचा इतिहास पाहिला तर स्वयंसेवकाच्या वाट्याला आलेली ही बेकारी क्रमाक्रमाने वाढत गेल्याचे दिसते. एके काळी वाघ मोजण्यासाठी त्याच्या पावलांचे ठसे घेत. ओडिशातील वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घ्यावयाची आणि प्रत्येक वाघ आपल्या ठशावरून ओळखू येतो असे मानून बेरीज करावयाची असे. या कामाला माणसे पुष्कळ लागत आणि त्यात हौशी माणसांनाही खरोखरीचे काम मिळे. पुढे राजस्थानातील सरिस्का या व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ असूनही जंगलात एकही उरलेला नाही, हे २००५ मध्ये उघडकीस आले आणि ठशांच्या बेरजेवरचा विश्वास संपला. तेव्हापासून दर चार वर्षांनी देशभर जो अंदाज काढला जातो, त्यात मुख्य भिस्त कॅमेरा-ट्रॅपवर, म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांवर बांधलेल्या आणि समोरून जनावर गेले की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या यंत्रावर असते. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असल्याने तोच वाघ दोनदा मोजला जात नाही. २००६ च्या अंदाजात देशात १,४११ वाघ निघाले, २०२२ च्या अंदाजात किमान ३,१६७. कॅमेऱ्याला डास चावत नाहीत, त्याला लघुशंका लागत नाही, तो शेजारच्या कॅमेऱ्याच्या कानात कुजबुजत नाही आणि महिनाभर काहीच दिसले नाही तरी त्याचा विरस होत नाही. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे माणसाने कसे टिकावे? वन विभागाने हे ओळखून, आणि याबद्दल त्याच्या प्रांजळपणाचे कौतुक केले पाहिजे, बुद्धपौर्णिमेच्या उपक्रमाला आता ‘निसर्गानुभव’ असे नाव दिले आहे. गणना गेली आणि अनुभव आला. रकाने आखलेला कागद मात्र तसाच राहिला, कारण रात्रभर जागणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या हातात कागद नसेल तर तो फार अस्वस्थ होतो.

बुद्धपौर्णिमेची निवड चांदण्यासाठी आणि उन्हाळ्यासाठी केली गेली आहे. मे महिन्यात या भागात पारा चाळिशीच्या पुढे असतो, नाले आटलेले असतात, सागाची पाने गळून त्यांचा कुरकुरीत थर जमिनीवर साचलेला असतो, आणि पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्यावर आलेले जनावर बॅटरीशिवाय दिसू शकते. स्वयंसेवकाला दुपारीच मचाणावर नेऊन बसवतात, सोबत एक वनरक्षक किंवा वनमजूर देतात, पाण्याचा कॅन आणि डबा वर चढवतात आणि गाडी निघून जाते. गाडीचा आवाज विरला की पहिल्या तासात स्वयंसेवक विलक्षण सावध असतो. तो डोळे ताणून चारही दिशांना पाहतो, दुर्बिणीची काच तीनदा पुसतो आणि कागदाच्या डोक्यावरील दिनांक, मचाण क्रमांक, पाणवठ्याचे नाव, बीट आणि वनपरिक्षेत्र हे रकाने सुवाच्य अक्षरात भरतो. बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या देखरेखीखालील जंगलाचा तुकडा, आणि अशा अनेक बीटांचे मिळून वनपरिक्षेत्र. हे त्याला सोबतच्या वनरक्षकाकडून कळते आणि पुढील अर्धा तास ते समजून घेण्यात चांगला जातो. त्यानंतर भरण्याजोगे रकाने उरत नाहीत.

येथून पुढे मनुष्याच्या इंद्रियांचा जो विकास होतो तो अभ्यासण्याजोगा आहे. वाळलेल्या सागपानांवरून सातभाई पक्ष्यांचा थवा उड्या मारत गेला, तरी त्याचा आवाज एखाद्या मोठ्या श्वापदाच्या चालीइतका होतो, आणि मुंगूस गेले तर निदान रानगवा आल्यासारखे वाटते. उलट खरोखरीचा रानगवा, ज्याचे वजन आठशे किलोच्या पुढे जाऊ शकते, तो समोर येऊन उभा राहीपर्यंत कळत नाही. सांजावताना रातव्याचा ठोक्यासारखा आवाज सुरू होतो. चितळाने किंवा वानराने धोक्याचा इशारा दिला, ज्याला जंगलात ‘कॉल’ म्हणण्याची पद्धत आहे, तर तो वाघासाठीच असणार याविषयी स्वयंसेवकाला शंका नसते. बिबटे, रानकुत्रे आणि कधीकधी नुसता भास यांनीही कॉल होतो, हे वनमजुराला ठाऊक असते, पण तो सांगत नाही, कारण बोलू नये असे त्यालाही सांगितलेले असते. वाघ येईल का, हा प्रश्न तरीही कानात विचारला जातोच, आणि त्याला या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या दिले गेलेले उत्तर मिळते: “आला त येईन जी.” संभाव्यतेच्या शास्त्राला यात भर घालता आलेली नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास भूक लागते. निःशब्दतेच्या सर्व सूचनांमध्ये खाद्यपदार्थांच्या ध्वनिगुणांचा विचार झालेला नसल्यामुळे मराठी माणसाने प्रवासाला म्हणून बरोबर घेतलेले पदार्थ नेमके या कामी अत्यंत गैरसोयीचे ठरतात. चिवड्याचा एक घास दाताखाली आला तरी तो समोरच्या नाल्यापर्यंत ऐकू जातो, आणि बिस्किटाच्या पुड्याचे आवरण फाडण्याचा आवाज तर जंगलातील कोणत्याही नैसर्गिक आवाजाशी जुळत नाही. काही अनुभवी स्वयंसेवक चिवडा तोंडात भिजवून, मग गिळतात. यापेक्षा मऊ भाकरी आणि झुणका बरा, पण झुणक्याला वास असतो, आणि वासाविषयीची सूचना अत्तरापुरती आहे की लसणालाही लागू आहे हे कोठेही स्पष्ट केलेले नाही. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण असते आणि मोहफुलांच्या हंगामात ते मैलावरून वास काढीत येते, हे लक्षात घेता या मुद्द्यावर वन विभागाने खुलासा करणे इष्ट ठरेल.

पहाटेपर्यंत कागदावर जे जमते त्याचे स्वरूप साधारण ठरलेले असते. रानडुकरे येतात, आणि बहुधा बरीच येतात. परंतु त्यांच्या येण्याने कोणाचे मन उचंबळून येत नाही. चितळांचा कळप येतो, पाणी पितो, जातो, आणि तासाभराने एक कळप पुन्हा येतो, तो तोच की दुसरा हे सांगता येत नाही. लग्नाच्या पंगतीत दोनदा बसणाऱ्या पाहुण्याप्रमाणे त्याची दोन्ही वेळा मोजदाद होते आणि यजमान कोणालाच काही म्हणू शकत नाही. जनावराच्या नावापुढे नर, मादी, पिल्लू आणि एकूण असे रकाने असतात, व शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना असतो. नर-मादी चांदण्यात ओळखू येत नाहीत, एकूण संख्येवर मचाणावरच्या दोघांचे एकमत होत नाही, त्यामुळे स्वयंसेवकाची सारी प्रतिभा शेऱ्याच्या रकान्यात उतरते. समोरचे खोड अर्धा तास अस्वल होते आणि मग पुन्हा खोड झाले, असे तेथे प्रामाणिकपणे लिहिणारे थोडे. ‘मोठा प्राणी, ओळख पटली नाही’ असे लिहिणारे अधिक. या ओळख न पटलेल्या मोठ्या प्राण्यांची राज्यभराची बेरीज कोणी केली, तर महाराष्ट्राच्या जंगलांत आणखी एखादी जात राहते असा निष्कर्ष काढावा लागेल.

ज्यांना खरोखर स्वस्थ बसता आले अशी माणसे या भागात राहिली, आणि ती स्वयंसेवक म्हणून आली नव्हती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून जे पाहिले त्याचे ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. किरण पुरंदरे तेथे चारशे दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिले. मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावबांधला होते आणि तेथील माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाच्या सहवासात पाखरे, झाडे आणि तळी यांच्याविषयी ऐकत, विचारत, टिपत राहिले. या तिघांनाही काही सिद्ध करावयाचे नव्हते आणि सकाळी सात वाजता परतीची गाडी नव्हती. एका रात्रीत जंगलाने आपले सर्व काही दाखवावे ही अपेक्षा मुळात शुल्क भरल्याने निर्माण होते. भरलेल्या रकमेला वाघाने भागले असता भागाकार काय येतो, याचा हिशेब पहाटे चारच्या सुमारास बहुतेक मचाणांवर मनातल्या मनात चालू असतो, आणि वाघ शून्य असल्यास हा भागाकार करता येत नाही, हे प्राथमिक गणित आठवून माणूस झोपी जातो.

इटियाडोहावर स्वयंसेवकाला वाव मिळतो तो उन्हाळ्यात नव्हे, तर थंडीत. आशियाई पाणपक्षी गणना म्हणून ओळखला जाणारा जो उपक्रम १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांत एकाच सुमारास चालतो, त्यात हौशी पक्षिनिरीक्षक तलावांच्या काठी उभे राहून बदके, करकोचे आणि पाणकोंबड्या मोजतात. येथे अडचण उलट आहे. मचाणावर मोजावयाला काही नसते आणि जलाशयावर इतके असते की मोजता येत नाही. म्हणून थव्याचा एक तुकडा डोळ्यांनी वेगळा काढून त्यातले पक्षी मोजावयाचे आणि तसे किती तुकडे आहेत ते पाहून गुणाकार करावयाचा, अशी रीत आहे, आणि गुणाकार पूर्ण होण्याच्या सुमारास शेतातील कुत्रे भुंकते व सारा थवा उडतो. गोंदियाच्या तलावांवर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांत पट्टकादंब हा हंस असतो. तिबेटच्या पठारावर वीण करून तो हिमालय ओलांडतो आणि उन्हाळ्याआधी परत जातो. योगायोग असा की, इटियाडोहाजवळच प्रतापगड-गोठणगाव भागात १९७० च्या दशकाच्या आरंभापासून तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग ही वसाहत आहे. तेथील माणसे हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी दूरच्या शहरांत जातात, म्हणजे हंस जेव्हा तिबेटहून येथे येतात नेमके तेव्हा तिबेटी येथून बाहेर गेलेले असतात. आणि हंसांना दर वर्षी परत जाता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. गणनेच्या कागदात याला रकाना नाही.

गोंदिया जिल्ह्यातील स्वयंसेवेचा खरा कस लागतो तो मात्र ना मचाणावर ना जलाशयावर, तर धानाच्या बांधीत, सारस या पक्ष्याच्या बाबतीत. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी होय. तो जवळजवळ पुरुषभर उंचीचा असतो, त्याचे डोके व मानेचा वरचा भाग लाल असतो, आणि जोडीने दिलेली त्याची साद दूरच्या गावापर्यंत पोहोचते. लपण्याचा कोणताही गुण त्याच्या अंगी नाही. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडा भंडाऱ्यात उरला असून गोंदियातील त्याची संख्या अलीकडच्या वर्षांत तीस-चाळीसच्या आसपास घुटमळत आहे. दर जूनमध्ये गोंदियातील ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते, वन विभाग आणि गावोगावचे सारसमित्र मिळून त्याची मोजणी करतात. वैनगंगा आणि वाघ या नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा असल्यामुळे, आणि सारसाला राज्याची सीमा मान्य नसल्यामुळे, पलीकडेही मोजावे लागते, नाही तर अलीकडचा सारस पलीकडे जाऊन पुन्हा मोजला जाईल. परिणामी पहाटेच्या अंधारात बांधाबांधावर उभी असलेली मोजणाऱ्यांची संख्या मोजल्या जाणाऱ्यांहून अधिक भरते. यात हसण्यासारखे वाटले तरी ही या जिल्ह्यातील सर्वांत भरवशाची गणना आहे, कारण येथे आकडा वाढला म्हणून कोणाला आनंद होण्यापूर्वी तो कोणत्या तळ्यावरचा, कोणत्या जोडीचा, हे विचारणारी माणसे हजर असतात, आणि मोठा प्राणी, ओळख पटली नाही, असा शेरा लिहिण्याची येथे सोय नाही.

सारसावर न्यायालयाचेही लक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली आणि त्यानंतर जिल्हास्तरीय समित्या आल्या, बैठका आल्या, आराखडे आले. सारसाचे घरटे मात्र समितीच्या बैठकीच्या जागी होत नाही. पावसाळ्यात, धानाची रोवणी झाल्यावर, तो पाण्याने भरलेल्या बांधीच्या मध्यावर गवत, लव्हाळे आणि अर्थातच धानाची रोपे उपटून त्यांचा मोठा ढीग रचतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. ती उबवावयाला सुमारे महिना लागतो, आणि त्या महिन्यात शेतकऱ्याने तेथे जाऊ नये, फवारणी करू नये, कुत्री येऊ देऊ नयेत, पाहावयास येणाऱ्यांना बांधावर गर्दी करू देऊ नये, अशी त्याला विनंती केली जाते. म्हणजे मचाणावरच्या पाहुण्याला दिली जाते तीच यादी. फरक एवढाच की, पाहुण्याने ती एक रात्र पाळावयाची असते आणि दुसऱ्याच्या जागेत, तर शेतकऱ्याने महिनाभर पाळावयाची असते आणि स्वतःच्या. पाहुण्याने त्यासाठी शुल्क भरलेले असते, शेतकऱ्याचे धान तुडवले जाते. सारस टिकून आहेत ते बव्हंशी या दुसऱ्या प्रकारच्या स्वस्थतेमुळे, असे म्हणण्यास जागा आहे. अशा शेतकऱ्यांचे सत्कार होतात, शाल आणि श्रीफळ दिले जाते, आणि सत्काराला बोलावलेला माणूस व्यासपीठावर बसून पुन्हा काहीच करत नाही, ज्याचा त्याला सराव झालेला असतो.

याचा अर्थ जंगलात करण्यासारखे काम नाही असा नव्हे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे वणवा पसरू नये यासाठी पालापाचोळा झाडून व जाळून मोकळे पट्टे तयार करावे लागतात; आटलेल्या कृत्रिम पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडावे लागते; रानडुकरांसाठी म्हणून लावलेले तारेचे फास आणि शेताकडेला सोडलेल्या जिवंत विजेच्या तारा शोधून काढाव्या लागतात, ज्यांत अडकून डुकरांबरोबर वाघही मरतात. ही कामे पायी, उन्हात, दिवसचे दिवस आणि पुष्कळदा अगदीच निष्फळ चालावयाची असतात, आणि ती वनमजूर व वनरक्षक करतात; या कामांसाठी ऑनलाइन अर्जांची झुंबड उडाल्याचे ऐकिवात नाही. काही करावेसे वाटतेच आहे तर प्लास्टिक गोळा करा, असे उत्साही मंडळींना सांगितले जाते, आणि ती ते मनापासून करतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी मचाणांखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पुरेशा प्रमाणात उपलब्ध असतात.

त्याच सकाळी, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेरील जंगलांत तेंदूपत्त्याचा हंगाम भरात असतो. विड्या वळण्यासाठी लागणारी ही पाने तोडावयास गावातील बाया-बापे पहाटे तीन-चारला, चांदणे असताना निघतात, आणि मचाणावरची मंडळी गाडीत बसून परत निघतात तोवर ते पानांचे भारे घेऊन गावात पोहोचलेले असतात. चहाच्या टपरीवर गाठ पडली की दोन्हीकडचे वृत्तान्त निघतात. एकीकडून चौदा रानडुकरे आणि दोन चितळ-कळप, किंवा एकच कळप दोनदा. दुसरीकडून नाल्याच्या वळणावर समोरासमोर आलेले अस्वल, ज्याला वाट देण्यासाठी तोडणारी अर्धा तास झाडाआड श्वास धरून उभी होती. हे अस्वल गणनेत घेता येईल काय, असे एखादा चिकित्सक स्वयंसेवक वनरक्षकाला विचारतो, आणि कागदावर मचाण क्रमांकाचा रकाना असल्यामुळे, व झाडाआडच्या जागेला क्रमांक नसल्यामुळे, ते घेता येत नाही असे ठरते. पाहणारीला त्याची खंतही नसते, कारण तिला दुपारपर्यंत ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पाने खरेदी करण्याच्या केंद्रावर, न्यावयाचे असतात, आणि तेथील मुनशी पुड्यात एक पान कमी निघाले तरी तो पुडा बाजूला काढतो.